कमी ताकदीची चिप

लोक रेडिओतली खरखर घालवायला मेकॅनिककडे जातात. आम्ही डोंबिवलीच्या एमआयडीसीत ती मुद्दाम तयार करायचो. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या छोट्या कारखान्यात वायरलेस संच बनत आणि प्रत्येक संचाची परीक्षा एका डब्यातून निघणाऱ्या खरखरीवर व्हायची. डब्यातला डायोड अगदी बारीक खरखर करी आणि ओळीनं बसवलेल्या, मसुराएवढ्या तीन चिप्स ती वाढवत नेत. एक दिवस मधली चिप गेली. तपासणीच होईना, त्यामुळे तयार संच कपाटात अडकून पडले.

ती चिप बनणंच बंद झालं होतं. आमच्या साहेबांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तेवढ्याच मापाची, पण जास्त ताकदीची आणून स्वतः जोडली. ताकद जास्त ती चांगली, असा त्यांचा हिशेब. तपासणीच्या पडद्यावर खरखर कापलेल्या गवतासारखी सपाट दिसायला हवी. इथे मधेच एक ताड उभा राहिला. चिप खरखर वाढवायची सोडून स्वतःच शिट्टी मारत होती.

मी टेस्टिंगमधली एकटी बाई, तीही नवीन. चिप्सची माहिती देणारी डेटाबुकं उलटीपालटी करून मी कमी ताकदीची चिप निवडली. ती खालपासून वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत खरखर सारखीच वाढवायची आणि शिट्टी मारायची नाही. तिला व्होल्टेज कमी लागे, तेवढा एक रेझिस्टर बदलायचा होता. एवढ्याशा ताकदीनं खरखर पुरणार कशी, म्हणून साहेब हसले. फसलं तर उद्यापासून पॅकिंगला बसायचं, असं वर बजावलं. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, संचाला देताना आपण ती खरखर पुन्हा कमी करूनच देतो ना? चिप कमी वाढवेल, तर आपण कमी कापू."

ते जाऊन तीही चिप घेऊन आले. चिप मीच जोडली. डबा चालू केला आणि पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट गवत. साहेबांनी डबा बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. मला गर्व झाला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी कपाट रिकामं झाल्यावर साहेबांनी खरेदीवाल्यांना याच चिप्स मागवायला सांगितल्या. बदली पार्टच्या पुस्तकात हा नंबर नाही, म्हणून खरेदीवाले अडून बसले.

"पुस्तक राहू दे," साहेब म्हणाले. "मॅडमनी सांगितलंय."