उजवा खांदा दोन बोटं खाली

बायको जाऊन आता दुसरं वर्ष चाललंय. मी शिकलो तिसरीपर्यंत, ती सातवी पास. तेव्हा लिहायचं काम खरं तर तिचं. पण स्वतःबद्दल चार ओळी लिहिणारी ती बाई नव्हती. म्हणून मी लिहितोय. चुकलंमाकलं तर सोडून द्या.

मी शाहूपुरीत गुळाच्या बाजारात हमाल होतो. गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, तीस किलोचा. असले रवे मी पंचवीस-तीस वर्षं उजव्या खांद्यावरनं वाहिले. डाव्या खांद्यावर मला कधी जमलंच नाही. त्यामुळं उजवा खांदा खाली बसला आणि त्यावर मांसाचा एक गोळा आला. शर्ट घातला की एका अंगाला लोंबायचा. शिंपी म्हणायचा, "सरळ उभं ऱ्हावा की." मी म्हणायचो, "सरळच हाय. तू शीव गप." खांद्याचं नाव कुणी काढलं की माझं डोकं फिरायचं. ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

गुळाचा हंगाम नेमका थंडीचा. सकाळी सहाला मंगळवार पेठेतनं सायकल काढायची तर छातीत वारं घुसायचं. बायकोनं विणायला घेतलं ते त्यापायी. शेजारच्या मास्तरणीकडं चार दिवस बसून सुया धरायला शिकली. पुढचं सगळं तिला रद्दीच्या दुकानानं शिकवलं. बायकांच्या मासिकांचे थंडीतले जाडजूड अंक यायचे, त्यात स्वेटरांचे नमुने असायचे. निम्मे अंक हिंदी. तिला हिंदी कुठलं येतंय? पण चित्राशेजारी आकडे असतात आणि आकडे सगळीकडं सारखे. फंदा म्हणजे टाका, हे तिनं चित्रावरनं ओळखलं. महिन्याभरात तिला विणकामापुरतं हिंदी आलं. त्या हिंदीत भाजी आणायला गेली असती तर उपाशी मेलो असतो, ती गोष्ट वेगळी.

तिची एक रीत होती. नमुना कितीही आवडू दे, एकदम टाके घालायची नाही. आधी त्याच लोकरीचा वीतभर तुकडा विणायची. तो धुवायची, सावलीत वाळवायची, आणि मग चार बोटांत किती टाके बसतात ते मोजायची. एका स्वेटराआधी तीन दिवस असेच जायचे. मी म्हणायचो, "अगं, एवढ्यात एक बाही झाली असती."

"झाली असती की. कुणाच्या हातात गेली असती, ते सांगा."

मग पेन्सिल घेऊन मासिकात आकडे लिहायची. छापलेला आकडा खोडायची नाही, त्याच्या शेजारी आपला लिहायची. मी एकदा विचारलं, चुकीचं आहे तर काट मारून टाक की. म्हणाली, "चुकीचं कशाला? त्यांच्या माणसाला ते बरोबरच हाय. आपलं माणूस निराळं."

आणि गल्लीत माणसं निराळीच होती. समोरच्या म्हातारीचा हात खांद्याच्या वर जायचा नाही, डोक्यातनं स्वेटर घालणं तिला होत नव्हतं. तिच्या स्वेटराला हिनं पुढनं चीर ठेवली आणि मोठी लाकडी बटणं लावली. दूधवाल्या बाईचं पोट सुटलेलं. मासिकातला स्वेटर तिला पुढनं वर चढायचा आणि मागं लोंबायचा. हिनं पुढचा भाग मागच्यापेक्षा चार बोटं लांब केला. ती बाई आरशापुढं फिरून फिरून बघत होती. म्हणाली, "वैनी, पैल्यांदा अंगावर कापड नीट बसलं बगा." मी दाराशी बसून हे सगळं बघायचो आणि मनात म्हणायचो, आयला, ही काय साधी बाई नव्हे. तोंडानं कधी म्हणालो नाही.

नव्वद साल होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा तिनं माझा स्वेटर धरला. रविवारी आंघोळ झाल्यावर मला उघडाच उभा केला आणि सुतळीनं मापं घेतली. एका खांद्याला एक सुतळी, दुसऱ्याला दुसरी, प्रत्येक मापाला एक गाठ.

"दोन सुतळ्या कशाला?"

"दोन खांदं हैत म्हणून."

"दोन्ही सारखंच हैत की."

"न्हाईत. उजवा दोन बोटं खाली हाय."

"मला वाकडा म्हणतीस व्हय?"

"वाकडा कशाला म्हणू? दोन बोटं म्हणतो मी." आमच्याकडच्या बायका 'म्हणतो', 'जातो' असंच बोलतात.

मी रागानं बनियन घातलं आणि बाहेर गेलो. तिनं काय ते सुतळीवरनं पुढं चालवलं. मासिकातल्या फोटोत एक गोरापान बाप्या कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्याकडं बघून ती म्हणाली, "ह्यानं जन्मात एक पोतं उचललं नसंल."

बिनबाह्यांचा केला, कारण हमालाला हात मोकळे लागतात. रंग चिंचेचा घेतला, गुळाचे डाग दिसू नयेत म्हणून. पुढनं दोन वेण्या वर चढत गेलेल्या. तेवढं सगळं मला तेव्हा कळत होतं. खांद्यात काय केलंय ते कळत नव्हतं. घातला आणि पहिल्यांदा माझ्या अंगावर एक कपडा लोंबला नाही. बाजारात एक हमाल म्हणाला, "काय पावणं, बघायला जाताय व्हय कुठं?" त्या एका हंगामात मी तो इतका घातला की मुंग्या माझ्या मागनं यायच्या.

त्याच हंगामाच्या शेवटी आमच्या पेठेतल्या महिला मंडळानं विणकामाचं प्रदर्शन धरलं. मंडळ मुलींसाठी वर्ग काढणार होतं आणि प्रदर्शनात जिचं काम सगळ्यांत चांगलं ठरेल तिला वर्गाची बाई नेमणार होतं. बायकोला ते पाहिजे होतं. सातवीनंतर बापानं तिला शाळेतनं काढली, तेव्हा ती तीन दिवस जेवली नव्हती. पोरींपुढं उभं राहून शिकवायचं, ही तिची लहानपणापासनंची हौस. हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्यानंतर तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही, पण मंडळाची चिठ्ठी आली त्या दिवशी तिच्या हातातनं दोनदा भांडं पडलं.

तिनं माझा स्वेटर धुतला, डाग काढले आणि तोच ठेवला. मी म्हटलं, बायांचा एखादा ठेव, नाजूक नक्षीचा. "ह्याच्याएवढं अवघड मी दुसरं काय केलं न्हाई," म्हणाली.

तपासायला मंडळाच्या अध्यक्षीणबाई होत्या. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, कडक बाई. लांब टेबल, पांढरी चादर, त्यावर स्वेटर मांडलेले. मी आणि चारदोन नवरे दाराशी उभे. बाईंनी एकेक स्वेटर उचलायचा, मधोमध घडी घालायची आणि कडेला कड जुळते का बघायची. आमचा उचलला. आधी वेण्यांवरनं बोट फिरवलं आणि मान हलवली. मला वाटलं, झालं काम. मग घडी घातली. खांद्यावर खांदा बसला नाही. टेप लावला.

"हा कुणाचा?"

बायको पुढं झाली.

"हात चांगला आहे तुमचा. पण खांदे जुळत नाहीत. हात घालायचे मुंडेसुद्धा खालीवर झालेत. पुस्तकात एवढं सरळ दिलेलं असतं, ते मोजायचं तरी नीट."

मागं दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, "डावा खांदा विणताना डुलकी लागली वाटतं."

बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं. एकदाच. तिनं फक्त एवढं म्हणायचं होतं, की माझा नवरा वाकडा आहे. चाळीस माणसांत ते ती म्हणणार नव्हती. आणि मला फक्त दहा पावलं आत जाऊन तो स्वेटर अंगात घालायचा होता. मी पायातल्या चपलांकडं बघितलं. मग बाहेर जाऊन टपरीवर चहा प्यालो.

पहिला नंबर दुसऱ्याच बाईला गेला. वर्ग पुढच्या सोमवारी सुरू होणार, असं सांगितलं. घरी आल्यावर तिनं स्वेटर खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "चहा बरा हुता का?"

तिनं भांडण केलं असतं तर सोपं गेलं असतं. तिनं भाकऱ्या थापल्या, वाढल्या, सगळं रोजच्यासारखं. फक्त सुयांना हात लावला नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी दुपारी मी बाजारातनं सुट्टी घेतली, घरी कुणी नाही बघून स्वेटर घातला आणि अध्यक्षीणबाईंच्या घरी गेलो. ऊन चांगलं तापलं होतं. रस्त्यातली माणसं वळून बघत होती. घामाच्या धारा लागल्या होत्या.

बाई व्हरांड्यात पेपर वाचत होत्या. म्हणाल्या, "कोण तुम्ही? बसा."

"बसून न्हाई दिसायचं. उभाच ऱ्हातो. बाई, आता बघा खांदं जुळत्यात का न्हाईत."

बाईंनी चष्मा चढवला. आधी स्वेटराकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या भोवतीनं एक फेरी मारली. मी मान खाली घालून उभा. आयुष्यात माझा खांदा कुणी एवढा निरखून बघितला नव्हता आणि मी बघू दिला नव्हता.

"हे मला टेबलावर कसं दिसणार हो?" बाई म्हणाल्या.

"टेबल घालणार हाय व्हय स्वेटर?"

बाईंना राग आला असेल तर दिसला नाही. त्यांनी डाव्या खांद्यावरच्या वेणीचे पीळ मोजले, मग उजव्या. पुन्हा मोजले. मग मला समजावून सांगायला लागल्या, जसा काही मीच विणलाय. गळ्यापासनं दोन्ही बाजू वेगळ्या विणतात. डावी बाजू उंच, म्हणून तिकडं ओळी जास्त. मग पुस्तकाप्रमाणं पीळ घातले असते तर डावीकडं एक पीळ जास्त आला असता आणि बघणाऱ्याला लगेच कळलं असतं, की ह्या माणसाचा एक खांदा वर आहे. "तिनं डावीकडं दोन पिळांतलं अंतर थोडं थोडं वाढवलंय. दोन्हीकडं पीळ तीनच. म्हणून डोळ्याला फरक कळत नाही. हे कुठल्या पुस्तकात नसतं. मला हे जमलं नसतं."

त्या उन्हात मला तेव्हा समजलं, की तिनं नुसता माझ्या मापाचा स्वेटर केला नव्हता. माझी लाज तिनं वेणीत झाकली होती. आणि त्यापायी ती टेबलापुढं बोलणी खात उभी होती तेव्हा मी चहा पीत बसलो होतो.

"आधी का नाही सांगितलं तिनं?" बाईंनी विचारलं.

"ती सांगणार न्हाई. मी सांगायला पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आमच्या घरी आल्या. बायकोच्या हातात चार दिवसांनी सुया होत्या. ओळ अर्ध्यात सोडून ती देवासाठीसुद्धा उठली नसती. बाईंना म्हणाली, "बसा, एवढी सुई संपवतो." बाई बसल्या. ओळ संपली. बाई म्हणाल्या, नंबर बदलता येत नाही, तो दिला तो दिला. पण वर्गाला दोन बायका लागतील. एकीनं पुस्तकातलं शिकवायचं आणि एकीनं माणसाच्या मापाचं. बायको म्हणाली, "मग पोरींनी पैल्या दिवशी पुस्तक आणायचं न्हाई. घरातल्या एका माणसाचं माप सुतळीवर घिऊन यायचं." बाई हसल्या आणि हो म्हणाल्या.

तिनं तो वर्ग चौदा वर्षं चालवला. पुढं तयार स्वेटर गल्लीच्या तोंडाला ढिगानं यायला लागले, पोरी कमी झाल्या, तरी शेवटी तिघी होत्या तोवर ती जात होती. पंचायत एकच. आम्ही चाललो की रस्त्यात कुठली तरी बाई थांबायची, "बाई, ओळखलं का?" म्हणायची, आणि मी पिशवी धरून अर्धा तास उभा.

ही झाली तिची गोष्ट. माझी एवढीच, की त्या दिवशी अध्यक्षीणबाई निघून गेल्या आणि घरात पुन्हा आम्ही दोघंच उरलो, तेव्हा तिनं विचारलं, "तुम्ही गेलता व्हय त्यांच्याकडं?"

"व्हय."

"स्वेटर घालून? भर उन्हात?"

"व्हय की."

तिनं सुईवरचे टाके मोजले. मग वर न बघता म्हणाली, "चार दिवस लागलं."

त्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. चुकलं माझं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "सुट्टी मिळत नव्हती." तिनं मान हलवली आणि पुढची ओळ घेतली. सुट्टी कधीही मिळाली असती. हंगाम संपत आला होता आणि बाजारात मालच नव्हता. तिला ते माहीत होतं.