मी मारलेला फटका

“मार इसको. सब के सामने मार.”

शेठने छडी माझ्या पोटाला टोचली आणि मी हातात घेईपर्यंत तिथेच धरून ठेवली. मागे खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. टोप्या, काळे चष्मे, थंड ग्लास. एका बाईने मोबाईल वर केला.

मी त्या घोडेस्वारीच्या क्लबात सईस होते. घोड्यांना खरारा करायचा, लीद उचलायची, खोगीर चढवायचं. माझ्याआधी माझा बाप हेच करायचा. घोड्याने लाथ घातली, गुडघा गेला. तेव्हापासून तो काळाचौकीच्या खोलीत खाटेवर, आणि मी कामावर.

शेठची घोडी माझ्याकडे होती. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव. मी तिला बाय म्हणायचे. बाय भित्री. कापड फडफडलं तरी तिला घाम फुटायचा. त्या सकाळी स्पर्धेच्या मैदानात तिसऱ्या अडथळ्याला लागूनच बॅनर बांधलेला. वाऱ्यावर थाडथाड वाजत होता. मी स्वारी शिकवणाऱ्या सरांकडे गेले.

“सर, तेवढा बॅनर काढायला लावा. बाय तिथून जाणार नाही.”

“तू लगाम धर. अक्कल आम्ही चालवतो.”

शेठची मुलगी बायला घेऊन आत गेली. दोन अडथळे पार. तिसऱ्याला बाय थांबली. पुन्हा आणली, पुन्हा थांबली. मग मागच्या पायांवर उभीच राहिली. घंटा वाजली. बाद. मुलगी रडत बाहेर आली, उतरली, लगाम माझ्या अंगावर फेकला. आणि मागून शेठ छडी घेऊन आला.

मी मारलं.

एकदाच, बायच्या खांद्यावर, जोरात. नोकरी जाईल, बापाच्या गोळ्या बंद होतील, एवढंच डोक्यात होतं. हात उचलला गेला.

बाय उधळली असती तर बरं झालं असतं. ती थरथरत माझ्याकडेच सरकली. तोंड माझ्या काखेत घातलं. फटका कुणी मारला ते तिला कळलंच नव्हतं. भीती वाटली की ती माझ्याकडेच यायची.

खुर्च्यांवर कुणीतरी हसलं.

“और एक,” शेठ म्हणाला.

“नाही.”

“क्या?”

“नाही मारणार. तिची चूक नाही. माझीपण नाही.”

त्याने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो सरांकडे वळला. “इन लोगों को जानवर के पास भी मत रखो.” सर बूट बघत राहिले. शेठने छडी माझ्याकडून हिसकावली आणि लगाम धरलेल्या माझ्या हातावर मारली. परत मारली. लगाम सोडला असता तर बाय माणसांत घुसली असती. मी सोडला नाही. कातडी फाटली.

बायला तबेल्यात नेलं. पाणी दाखवलं, चारही पाय चाचपले. आणि तसाच हात घेऊन पोलीस चौकीत गेले. त्यांनी चार तास बसवलं. मग तक्रार लिहून घेतली.

दोन दिवसांनी सर चाळीत आले. दारातच उभे. बापाने आत या म्हटलं, ते आले नाहीत.

“तक्रार मागे घे. नोकरी परत देतील. घोडी तर विकलीपण त्यांनी.”

“कुणाला?”

“ते मला माहीत नाही. आणि एक ऐक. तू स्वतः मारलंस, ते मोबाईलवर आहे. कोर्टात तेच दाखवतील.”

“दाखवू दे. तक्रारीत पहिली ओळ तीच आहे.”

सर वळले आणि निघून गेले. त्यांना खोटं वाटलं असावं.

मी मारलं, हे मी लिहून दिलंय. कुणी मारायला लावलं, आडनाव ऐकून काय बोलला, तेही दिलंय. त्यातलं एक अक्षर काढणार नाही. कोर्टात शेठचा वकील उठायच्या आधी माझा फटका मी सांगेन. आणि मग त्याचे.