तळीला सहावा माणूस

पंचांगात काहीही असो, लेस्टरला आमच्या घरी चंपाषष्ठी शनिवारीच यायची. दादा, म्हणजे माझे वडील, फाउंड्रीत शिफ्टला. आई होजिअरीच्या कारखान्यात शिलाईवर. आमचा कुलदेव खंडोबा, आणि त्याच्यासाठी फोरमन काही आठवड्याच्या मधे रजा देणार नव्हता. तेव्हा दादांनी देवाशीच वारावर तडजोड करून टाकली. "त्याला कळतं," ते म्हणायचे. "त्यानंही बाणाईपायी तिच्या बापाकडं चाकरीला राहून मेंढरं राखलीत."

त्या दिवशी तळी उचलायची. ज्यांच्याकडे खंडोबा नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे आणि भंडारा, म्हणजे हळद, ठेवतात. पुरुषमाणसं भोवती बसतात, सगळ्यांनी ताम्हणाच्या कडेला हात लावायचा आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत ते तीनदा वर उचलायचं. माणसं विषम लागतात. पाच, नाहीतर सात. चार चालत नाहीत, सहाही चालत नाहीत. का, ते मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गावाकडे पाच माणसं अंगणात हाक मारली की गोळा होतात. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या आमच्या गल्लीत ती जमवावी लागत. दादा, थोरला भाऊ, मी, आणि उरलेले दोन फाउंड्रीतले कुणीतरी. एका वर्षी तर दादांनी एका सरदारजींना बसवलं होतं, आणि सगळ्यात खणखणीत 'येळकोट' त्यांचाच झाला होता. ताम्हणापर्यंत हात पुरायला लागले तेव्हापासून मी त्या पाचांतला. लहानपणी मला वाटायचं की मी हात काढला तर ताम्हण कलंडेल.

पुढे मी युनिव्हर्सिटीत गेलो. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी मिरवतो, आणि मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवतो. दादांना सही करण्यापुरतं इंग्रजी येत होतं, आणि मी पूल कसे उभे राहतात ते इंग्रजीत शिकून आलो. पण डिसेंबरात कधी परीक्षा, कधी साइटवरची कामं. नोकरी लागली ती पार वर स्कॉटलंडात, अबर्डीनला. माझी जागा शेजारच्या गुजराती काकांनी घेतली. युगांडाहून आलेले, बायको गेलेली, कोपऱ्यावर पेपरचं दुकान. त्यांनी सगळं पाठ केलं, अगदी 'सदानंदाचा येळकोट'सुद्धा.

अबर्डीनबद्दल तक्रार नाही. ऑफिसातली माणसं नीट वागत. पण हिवाळ्यात तिथं दुपारीच अंधार पडतो, आणि शुक्रवारी ऑफिसातून निघालो की सोमवारपर्यंत दुकानातल्या बाईला 'थँक यू' म्हणायचं, तेवढंच बोलणं. मराठी फक्त फोनवर, तेही आईशी. दादा फोनवर येत नसत. मागून ओरडून विचारत, "जेवतो का म्हणावं."

म्हणून त्या वर्षी फोनवर दादा स्वतः आले तेव्हा मी आधी घाबरलोच. नव्वदच्या आसपासची गोष्ट. बहिणीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं, आणि त्यासाठी गावाहून आलेले चुलते आणि चुलती अजून लेस्टरलाच होते. चंपाषष्ठी करून परत जाणार होते.

"यंदा तात्या हाय," दादा म्हणाले. तात्या म्हणजे चुलते. "जावई येणार. सगळी घरची माणसं. तळीला तू ये."

"येतो," मी म्हणालो.

"बघ. कामाचं बघून ये."

"येतो म्हटलं ना, दादा."

हे एवढंच बोलणं. पण पुढचे कितीतरी दिवस मी बोटांवर मोजत होतो. दादा, तात्या, भाऊ, जावई आणि मी. बरोबर पाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाचही घरचे, आणि पाचवा मी. ज्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे असतं त्यांना यात काय मोठं ते कळणार नाही.

गाडीत खिडकीकडे तोंड करून मी शब्द आठवून पाहिले. सगळे आठवले. पीटरबरोला गाडी बदलताना गार वाऱ्यात उभा होतो, तरी बरं वाटत होतं.

घराचं दार उघडलं तर आत धूर. चातुर्मासात न खाल्लेली वांगी आईनं ग्रिलखाली भाजायला घातली होती आणि मागचं दार सताड उघडं टाकलं होतं. चुलतीनं मला उंबऱ्यातच अडवलं, भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून बाहेर टाकलं. समोरून जाणारी इंग्रज म्हातारी थबकली.

"काय रं, वाळलास," चुलती म्हणाल्या. "तिकडं खायाला देत न्हाईत व्हय?"

"देतात की. बटाटे."

"आनि?"

"आणखी बटाटे."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "त्याला फ्रंट रूममध्ये बसवा, दमून आलाय." मी मदतीला आत जायला लागलो तर बहिणीनं हातातली पातेली काढून घेतली. "तू बस रे. पाहुण्यासारखा आलायस, पाहुण्यासारखा राहा," ती हसत म्हणाली. तिनं चेष्टेनं म्हटलं होतं, मी चेष्टेवारीच घेतलं आणि फ्रंट रूममध्ये जाऊन बसलो.

तिथं भाऊ आणि जावई बसले होते. जावई लंडनकडच्या स्टॅनमोरचे, तिथंच वाढलेले, अकाउंटंट. मनानं साफ माणूस, पण मराठीत पाऊल टाकलं की घसरत.

"मी हात कुठे ठेवायची?" त्यांनी मला विचारलं.

"कडेला. आणि सगळे उचलतील तेव्हा उचलायचं."

"हेवी असते का?"

"पाच जण असतात," भाऊ म्हणाला. "तू नुसता हात लाव, फोटोपुरता."

तात्यांनी जमिनीवर घोंगडी अंथरली, तिच्यावर आपली टोपी आणि टोपीवर ताम्हण. दादा बसले, तात्या बसले, भाऊ बसला, जावयांना हाताला धरून बसवलं. मी मोजे काढत होतो. तेवढ्यात मागच्या दारातून गुजराती काका आले. अंघोळ केलेली, कपाळावर केस चापून बसवलेले. कुणाला काही न विचारता ते आपल्या नेहमीच्या जागी, दादांच्या डाव्या हाताला, जाऊन बसले आणि माझ्याकडे बघून मनापासून हसले. "आवी गयो दीकरा. सरस."

दादांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. माझं यायचं काही खरं नाही, असं दादांनी धरलं होतं.

मी सहावा.

तात्यांनी बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं. "सा झाली की," ते दादांना म्हणाले. "एक सातवा आन."

"कुठून आणू? आत्ता?"

"समोरच्या घरातला तो, कुत्रेवाला," भाऊ म्हणाला. "विचारू का? भरीत आवडेल त्याला."

"मी आउट होतो ना," जावई उठायला लागले. "रिअली, इट्स फाइन."

आईनं दारातूनच थांबवलं. "जावयाला उठवतात का कुठं? बसा तुम्ही."

काकांना मराठी समजत होतं. त्यांनी मांडी थोडी सैल केली. त्यांना उठायला सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. मलाही नाही.

"उचला तुम्ही," मी म्हणालो. "मी बघतो."

दादांनी वर पाहिलं. नाही म्हणतील, असं मला वाटलं. "बरं," ते म्हणाले. मग तात्यांना समजावल्यासारखं, "शिकलेला माणूस आहे तो. त्याचं काय अडत नाही."

त्यांनी हे कौतुकानंच म्हटलं. तेच जास्त लागलं. मी आयुष्यभर शिकलेला म्हणवून घ्यायला धडपडलो, आणि त्याच शब्दाला धरून मला बाजूला केलं होतं. मी दारात आई, चुलती आणि बहीण यांच्या शेजारी उभा राहिलो. ताम्हण तीनदा वर गेलं. जावयांचा हात प्रत्येक वेळी अर्धा सेकंद उशिरा. काकांचा 'येळकोट' स्वच्छ. माझ्या तोंडातून शब्दच निघाला नाही. दारातल्या माणसानं म्हणायचा की नाही, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

भंडारा लावताना दादांनी आधी तात्यांना लावला, मग जावयांना, काकांना, भावाला. मग दारात येऊन मला. भरीत चांगलं झालं होतं. मी दोनदा घेतलं. चिडलो नव्हतो असं लिहिलं तर खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी फिरायला जायचं ठरलं होतं. तात्यांनी पाच महिन्यांत लेस्टरचा बाजार, देवळं आणि जावयांच्या गाडीतून मोटरवे एवढंच पाहिलं होतं. भावाला ओव्हरटाइम, काकांना रविवारच्या पेपरांची गर्दी, आई आणि बहीण आवराआवरीला. उरलेले आम्ही शहराबाहेरच्या ब्रॅडगेट पार्कला गेलो. चुलती नऊवारीवर भावाचं पावसाळी जाकीट आणि पायात बहिणीचे खेळाचे बूट घालून. माहिती सांगायचं काम माझ्याकडे.

विटांचे पडके मनोरे दाखवून मी सांगितलं, इथं एक राणी लहानाची मोठी झाली. फार थोडे दिवस राज्य केलं, मग मारलं तिला.

"आनि घर?" तात्यांनी विचारलं.

"पडलं."

"भावकीनं पाडलं आसंल," तात्या म्हणाले, आणि पुढे निघाले.

हरणं बघून मात्र ते थांबले. तांबूस वाळक्या झुडपांत ती निवांत उभी होती. मोकळ्या हरणांना लोक नुसतं बघतात आणि निघून जातात, हे त्यांना पटेना.

टेकडीच्या माथ्यावर एक दगडी बुरूज आहे, कान असलेल्या मगासारखा दिसणारा. वर पोचेपर्यंत दादांचा गुडघा बोलायला लागला होता. वारा असा की चुलतींनी दोन्ही हातांनी पदर धरला. तात्या मात्र चारी बाजूंना बघत राहिले, मग खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात भंडारा होता.

"डोंगर हाय तर देव हाय," ते म्हणाले. "काल ह्याची राहिली. हितं उचलू." त्यांनी माझ्याकडे बोट केलं होतं.

म्हणजे त्यांच्या लक्षात आलं होतं. चुलतींनी पिशवीतून डब्याचं झाकण काढून दिलं, तात्यांनी टोपी दगडावर ठेवली आणि मोजलं. दादा, तात्या, जावई, मी.

चार.

चुलती हसायला लागल्या. "काल सा, आज चार. त्यो बघा साहेब चाललाय, त्याला धरा. तू इंग्रजी शिकलास न्हवं? सांग त्याला, दोन मिंटं हात लाव म्हनावं."

खाली वाटेवर टोपी घातलेला एक म्हातारा चालला होता. मी खरंच दोन पावलं पुढे गेलो. काय म्हणायचं याचं वाक्यही जुळवलं होतं.

"राहू दे," दादा म्हणाले. "घरी झालीय. देवाला दोनदा उठवू नये."

तात्यांनी झाकण परत दिलं, पुडीतला भंडारा वाऱ्यावर सोडला. पिवळा धूर झाला आणि जावयांच्या कोटावर जाऊन बसला. बाकीचे बुरुजाच्या आडोशाला गेले. दादा तिथंच दगडावर टेकले. मी शेजारी उभा राहिलो.

"काल मला बाहेर ठेवलंत," मी म्हणालो.

"तूच म्हणालास, बघतो."

"तुम्ही फोन करून बोलावलं होतंत. मी इतक्या लांबून त्यासाठी आलो."

दादांनी गुडघा चोळला. "तो माणूस दर वर्षी येतो. तुझी आई आजारी होती तेव्हा दुकान बंद करून आला. तू येशील न येशील, त्याच्यावर मी त्याला नको म्हणू?"

"नाही."

"मग. तुला जागा पाहिजे तर आहे. पण दर वर्षी ये. मग त्याला मी समजावतो, तो ऐकेल. येशील?"

ते माझ्याकडे बघत होते. प्रश्न साधा होता. मी हो म्हटलं असतं तर ते त्यांना त्या क्षणी पुरलं असतं. पण दादांना उगाच हो म्हणायची मला सवय नव्हती, आणि अबर्डीन सोडायचं माझ्या मनात नव्हतं. एवढं शिकून जी जागा मिळवली होती, ती तिथं होती.

"जमेल तेव्हा येईन," मी म्हणालो.

दादांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बोलता आलं असतं. "चल," ते म्हणाले, "तात्याला थंडी बाधेल." उतरताना गवत निसरडं होतं, म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही खाली आलो.

पुढच्या वर्षी दादांचा फोन आला नाही. चंपाषष्ठीच्या आदल्या आठवड्यात मीच केला. नेमका त्यांनीच उचलला.

"तळीला माणसं झाली का?" मी विचारलं.

"झाली," दादा म्हणाले. "तू कसा आहेस?"

बरा आहे, असं मी सांगितलं.