हेडमास्तरांचा पहिला मराठी धडा

ओल्या खडूचा वास आला की वालूरची शाळा आठवते. संस्थान विलीन झालं, शाळा उर्दूची मराठी झाली. नोकरी टिकवायला हेडमास्तर खानसाहेब माझ्याकडे, बावीस वर्षांच्या शिक्षिकेकडे, मराठी शिकले.

त्या सकाळी त्यांनी पहिल्यांदा मराठीत इतिहास शिकवला. मी दारात उभी होते. ते स्वतः ज्या विद्यापीठात शिकले, त्याचा पाया एकोणिसाव्या शतकात एका इतिहासकारानं घातला होता. एका उंच मिनारावर कोरलेले लेख वाचायला तो दोरानं टांगलेल्या टोपलीत बसायचा, असं खानसाहेबांनी अडखळत सांगितलं.

धनगराची गंगू उठली. "गुर्जी, लय उंच की! दोर कुणी धरला व्हता?"

खानसाहेब माझ्याकडे बघून हसले. "त्यांचा ठाऊक नाही. माझा बाईंनी धरलाय."

तेव्हा मी नुसती लाजले. त्यांनी केवढ्या विश्वासानं माझ्यावर भार टाकला होता, ते आता कळतं.