फ्रिजात टांगलेला चोरिसो

माझा नवरा सव्वीस वर्षं जहाजावर कुक होता. तिथल्याच एका स्पॅनिश म्हाताऱ्याकडून तो चोरिसो, म्हणजे वाळवलेलं मसालेदार सॉसेज, करायला शिकला. रिटायर होऊन कोपरीच्या घरी आल्यावर दर डिसेंबरात करायचाच. डुकराचं मांस आणि चरबी सुरीनेच कापायचा, मशीन लावू द्यायचा नाही. त्यात मीठ, लसूण आणि धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड. एक दिवस मुरलं की धुतलेल्या आतड्यात ठासून भरायचं, सुईने टोचून हवा काढायची, दोऱ्याने बांधून टांगायचं. आपल्या दमट हवेत ते उघड्यावर टिकत नाही, म्हणून मागच्या खोलीत एक जुना फ्रिज त्याने त्यासाठीच ठेवलेला. पाच-सहा आठवडे रोज उघडून बघायचा.

"अरे, झोपलेलं पोर आहे का ते, सारखं बघायला?" मी म्हणायचे.

"घाई केली की आतून कच्चं राहतं गं."

त्या वर्षी टांगून दहा दिवस झाले आणि त्याला अटॅक आला. सहा दिवस मी हॉस्पिटलातच. एकदा शुद्धीवर आला तेव्हा पुटपुटला, "फ्रिज बघतेस ना?" मी हो म्हटलं. मी घरी गेलेच नव्हते.

तो गेला. दफनाहून परतून दार उघडलं तर घरभर वास. टिटवाळ्याहून आलेली लेक माझ्या मागेच होती. अटॅकच्या दिवशी ती आली तेव्हा घर बंद राहणार म्हणून तिने किचनमधला फ्रिज रिकामा करून मेन स्विच बंद केलेला. मागच्या खोलीतला तिच्या लक्षातच आला नव्हता. मी तो उघडला. सगळं हिरवं-काळं, चिकट.

"आई, मीच बंद केलं गं. पप्पांचं..."

"तुझ्यामुळे नाही," मी म्हटलं. "ह्या वेळी मीठच कमी पडलेलं. पप्पाच म्हणालेले, टिकणार नाही."

असं तो काहीच म्हणाला नव्हता. मिठाचा अंदाज त्याचा कधीच चुकला नाही. ज्याला नुकतंच पुरून आलो, त्याच्या हाताला मी नावं ठेवली.

दोऱ्याच्या गाठी त्याने मारलेल्या. मी कात्री लेकीच्या हातात दिली, तिनेच त्या कापल्या. एक तुकडासुद्धा ठेवता आला नाही.

आता दर डिसेंबरात ती विचारते, "आई, आपण करूया का?" मी म्हणते, मला प्रमाण माहीत नाही. प्रमाण मला पाठ आहे. दोनदा मी मांस आणलंसुद्धा. दोन्ही वेळा त्याचं विंदालू करून टाकलं.