हरकतीची मुदत

“काहून गा?” म्हणजे ‘का रे?’, हाच काकाजींचा नमस्कार. कचेरीतला पंखा बंद दिसला तरी काहून, साहेब हसून बोलले तरी काहून. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील आणि माझ्यासारखेच हसला असाल.

जमिनीचा वापर बदलायचे कागद जिथून जातात, त्या नागपूरच्या एका कचेरीत मी कारकून होतो. शहराबाहेरच्या त्यांच्या वस्तीला लागून जुन्या बॅटऱ्या वितळवायचा कारखाना येणार, अशी कुणकुण त्यांना लागली होती. वस्तीची एकुलती विहीर त्या जागेच्या उतारावर. नोटीस लागली की मुदतीत हरकत द्यायची, एवढाच उपाय होता.

म्हणून ते दर सोमवारी येत. फळ्यावरची प्रत्येक नोटीस नखाने उचलून खाली काय चिकटवलंय ते बघत. “काकाजी, भिंतबी पाहून घ्या,” शिपाई चिडवायचा. ते खरंच भिंत पाहायचे. चहा कोणाचाच घेत नसत. म्हणायचे, “चहा पेला का जीभ बांधल्या जाते.”

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. एका सोमवारी माझ्या टेबलाशी बसले. “एवढ्या हापिसात तुझ्यावरच भरोसा आहे मले. नोटीस लागली का फोन करजो.” त्या दिवशी माझा चहा प्यायले.

महिन्याभरात नोटीस लागली. आमच्याकडे रीत अशी, की नोटीस लावायची, फाइलसाठी फोटो काढायचा आणि संध्याकाळी तिच्यावर दुसरी चिकटवायची. साहेबांनी ते काम मला दिलं. मी केलं. माझी बदली साहेबांच्या हातात आहे, असं स्वतःला समजावलं. काकाजींचे दोनदा फोन आले. दोन्ही वेळा म्हणालो, अजून काही नाही.

मुदत संपल्यावर वस्तीतली माणसं हरकती घेऊन आली, तेव्हा खिडकीवरून कागद परत फिरले. काकाजींची सून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, हा बाबूही त्यांना मिळालेला आहे.

काकाजी तिच्यावरच रागावले. “त्याले नको बोलू वं. त्याच्यापासूनबी लपवली असन.”

मी मान हलवली. हो म्हणालो.

कारखाना उभा राहिला. काकाजी गेल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलो. सुनेने पेला पुढे केला.

“प्या. विहिरीचं नाही, टँकरचं आहे.”

आणि पेला रिकामा होईपर्यंत माझ्याकडे बघत उभी राहिली.