टाकव्याची गिरणी आणि माझी तोंडी परीक्षा

मी आज पदवीधर आहे तो टाकवे बुद्रुकला पिठाची गिरणी चालवणाऱ्या मावशींमुळे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, आणि कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावलेला नाही.

लोणावळ्याच्या कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम या विषयात मी एकदा नापास झालो होतो. दुसऱ्यांदा लेखीत सुटलो, तोंडी राहिली. ती गेली तर ठरलेली नोकरीही जाणार होती. आदल्या दिवशी आईने दळणाला पाठवलं, तर मी वही घेऊनच गिरणीत बसलो.

लग्नघरचं गव्हाचं पोतं चालू होतं. मावशींनी ते मध्येच थांबवलं, उरलेल्या पोत्यावर खडूने खूण केली आणि एका बाईंचा गव्हाचा छोटा डबा आत ओतला.

"मावशी, नंबर माजा व्हता," पोतेवाला म्हणाला.

"तुज्या भावाचं लगीन परवा हाय. हिचा तवा आत्ता तापलाय."

मागच्या आजोबांनी लगेच बाजरीचा डबा चक्कीकडे नेला. "मग माजं बी घ्या मदीच."

"आबा, हात मागं. हितं मी सोडून कुणी हात घालायचा न्हाई. बाजरी घेतली की चक्की झाडावी लागती, मूठभर पीठ वाया. गहू सरू द्या."

"मूठभर पिठापायी म्हाताऱ्याला बसवून ठेवती."

"घरी तरी काय करता? बसा हितंच."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, "प्रोसेसर एक, प्रोग्राम दहा. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, काय करतो?"

पाठ केलेली इंग्रजी व्याख्या अर्ध्यात अडकली. मग मी सरळ मराठीत गिरणी सांगितली. मोठं काम थांबवायचं, कुठवर आलं त्याची खूण ठेवायची, छोटं काढून द्यायचं. आणि प्रोग्रामने यंत्राला स्वतः हात लावायचा नाही, कर्नलकडे मागायचं.

"मग क्षणाक्षणाला पाळी का नाही बदलत?"

"सर, दर वेळी मूठभर पीठ वाया जातं."

सरांनी हसतच गुण लिहिले.

नोकरी लागल्यावर मी मावशींना पत्र पाठवलं. त्यांची सून वाचून दाखवते, म्हणून सोपं लिहिलं:

"मावशी, नमस्कार. मी पास झालो, कामावर रुजू झालो. परीक्षेत तुमची गिरणी सांगितली. तुम्ही करता तेच काम कॉम्प्युटरच्या आत कर्नल नावाचा प्रोग्राम करतो. त्या दिवशी वहीच्या नादात मी आमचा डबा तुमच्याकडेच विसरलो, आई अजून बोलते. रविवारी दळण घेऊन येतो. आबांची बाजरी आधी होऊ द्या, मी थांबेन."